विजेची गाडी: नळावर भरायची की टँकरवर?

ब्रिटनमध्ये विजेच्या गाडीचा विषय निघाला की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. एका चार्जमध्ये किती मैल जाते? आणि फुल व्हायला किती वेळ लागतो? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ही गाडी तुम्हाला परवडणार की नाही, हे एका तिसऱ्याच प्रश्नावर ठरतं, आणि तो गाडीपेक्षा तुमच्या घराबद्दलचा आहे: रात्री गाडी उभी कुठे राहते?

तुमच्या घरासमोर स्वतःचा ड्राइव्हवे असेल तर हा लेख तुम्हाला शेजाऱ्याची अडचण समजावून सांगेल. तुम्ही हॅरो, हाउन्स्लो किंवा लेस्टरमधल्या टेरेस्ड घरांच्या रांगेत किंवा एखाद्या फ्लॅटमध्ये राहत असाल आणि संध्याकाळी गल्लीत जागा मिळेल तिथे गाडी लावत असाल, तर तो थेट तुमच्याबद्दलच आहे. ब्रिटनमधल्या साधारण एक तृतीयांश घरांना स्वतःच्या मालकीची पार्किंगची जागा नाही. लंडनमध्ये हे प्रमाण आणखी मोठं आहे.

आधी थोडा हिशोब

दोन शब्द पक्के करून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच होतो. किलोवॉट म्हणजे नळाची धार किती मोठी आहे ते. किलोवॉट-तास म्हणजे बादलीत किती पाणी जमलं ते. आपल्या वीजबिलावर ज्याला 'युनिट' म्हणतात, तोच हा किलोवॉट-तास. ५ किलोवॉटची धार एक तास चालली की ५ युनिट जमा होतात.

ब्रिटनमधली गाडी वर्षाला सरासरी ७,००० मैलांच्या आसपास धावते. विजेची मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये साधारण साडेतीन मैल जाते. म्हणजे वर्षाला लागतात २,००० युनिट, आणि दिवसाला फक्त साडेपाच. हा साडेपाचाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आता हीच २,००० युनिट वेगवेगळ्या ठिकाणी घेऊ. २०२५ मधले ढोबळ दर धरू.

घरी, रात्रीच्या खास ईव्ही दराने एक युनिट ८ पेन्सच्या आसपास पडतं. वर्षाचा खर्च १६० पौंड. घरीच, पण साध्या दराने घेतलं तर २६ पेन्स, म्हणजे ५२० पौंड. रस्त्यावरच्या सावकाश सार्वजनिक चार्जरवर युनिटला ५४ पेन्सच्या आसपास, म्हणजे १,०८० पौंड. आणि रॅपिड चार्जरवर ७६ पेन्सच्या आसपास, म्हणजे १,५२० पौंड.

तुलनेसाठी पेट्रोल पाहा. गॅलनला ४० मैल देणाऱ्या गाडीला ७,००० मैलांसाठी जवळपास ७९५ लिटर लागतं. लिटरला १ पौंड ३५ पेन्स धरले तर १,०७५ पौंडांच्या आसपास.

म्हणजे एकाच गल्लीतली दोन कुटुंबं घ्या. गाडी तीच, अंतर तेच. ड्राइव्हवेवाल्याचा इंधनखर्च पेट्रोलच्या सातव्या हिश्श्यावर येतो. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याचा खर्च पेट्रोलइतकाच राहतो, आणि फक्त रॅपिडवर अवलंबून राहिला तर पेट्रोलपेक्षाही वाढतो. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात एप्रिल २०२८ पासून विजेच्या गाड्यांवर मैलामागे ३ पेन्सचा कर जाहीर झाला आहे. ७,००० मैलांवर तो २१० पौंड होतो. १६० पौंड भरणाऱ्याला तो झेपेल. १,०८० भरणाऱ्याला मात्र पेट्रोल सोडण्याचं आर्थिक कारण उरत नाही.

पुण्या-मुंबईत वाढलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. ज्याच्या घरी महापालिकेचा नळ आहे, तो रात्री संथ धारेनं टाकी भरतो आणि नाममात्र पट्टी भरतो. ज्याच्याकडे नळ पोहोचलेला नाही, तो टँकर मागवतो. टाकी झटक्यात भरते, पण तेच पाणी कितीतरी पट महाग पडतं. आणि टँकर मागवणारा नेहमी श्रीमंतच असतो असं नाही.

टँकर महाग का?

यामागे कंपन्यांचा नफा हे एकच कारण नाही. विजेचं शास्त्रही आहे.

ग्रिडमधून येणारा प्रवाह एसी असतो आणि बॅटरीला लागतो डीसी. हे रूपांतर कुठेतरी करावं लागतं. घरी किंवा दिव्याच्या खांबावर चार्ज करताना ते काम गाडीतलाच छोटा कन्व्हर्टर करतो. बाहेरचा 'चार्जर' हा खरं तर सुरक्षितपणे वीज देणारा एक हुशार प्लग असतो. ब्रिटिश घरात २३० व्होल्ट आणि ३२ अँपियर मिळतात, त्यांचा गुणाकार ७.४ किलोवॉट. म्हणून घरगुती चार्जरवर बहुधा '७ किलोवॉट' लिहिलेलं असतं.

रॅपिड चार्जर हे रूपांतर गाडीबाहेर, स्वतःच्या मोठ्या कपाटात करतो आणि थेट डीसी आत ढकलतो. ५०, १५० किंवा ३५० किलोवॉट. त्यासाठी महागडी इलेक्ट्रॉनिक्स, शीतकरण आणि जाड केबल लागते, आणि बहुतेक ठिकाणी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरही. १५० किलोवॉटचे आठ चार्जर एकदम चालले तर मागणी होते १,२०० किलोवॉट, म्हणजे एका छोट्या वस्तीएवढी. ही जोडणी दिवसाचे चोवीस तास सज्ज ठेवावी लागते आणि तिचा स्थिर आकार गाड्या येवोत न येवोत भरावाच लागतो. पहाटे तीन वाजता ते चार्जर रिकामे असतात, तरी मीटरमागचा खर्च चालू असतो. तो सगळा तुमच्या ७६ पेन्समध्ये विरघळलेला असतो.

त्यातही ३५० किलोवॉट लिहिलेल्या खांबाला गाडी लावली म्हणजे ३५० मिळतातच असं नाही. शेवटचा शब्द बॅटरीचा असतो. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. सुरुवातीच्या स्टेशनावर लोकलमध्ये माणसं भराभर चढतात, कारण डबा रिकामा असतो. दादर येईपर्यंत आत शिरायलाच वेळ लागतो. बॅटरी ८० टक्के भरली की अशीच गर्दी होते. तरीही जोर लावला, विशेषतः थंडीत, तर आयन आत न जाता पृष्ठभागावरच धातू होऊन साठू लागतात आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून गाडी स्वतःच धार बारीक करते. मोटरवेवर ८० टक्क्यांना निघा, असं सांगतात ते यामुळे. शेवटच्या २० टक्क्यांसाठी थांबण्यात तुमचाही वेळ जातो आणि मागे उभ्या असलेल्याचाही.

लांबच्या प्रवासात रॅपिडला पर्याय नाही आणि तिथे तो महाग असला तरी चालतं, कारण असे प्रवास वर्षात मोजकेच असतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा रोजची टाकीही टँकरनेच भरावी लागते.

दिव्याच्या खांबातली वीज

मग रोजच्या साडेपाच युनिटांसाठी काय करायचं? उत्तर बहुधा तुमच्या दारासमोरच उभं असतं: रस्त्यावरचा दिवा.

रस्त्यांवरचे जुने सोडियमचे पिवळे दिवे काढून एलईडी लावल्यामुळे दिव्यांची विजेची गरज खूप उतरली. पण खांबापर्यंत आलेली केबल तीच राहिली. त्या उरलेल्या क्षमतेतून ३ ते ५ किलोवॉटचा सॉकेट काढता येतो. फार खोदकाम नको, फुटपाथवर नवं कपाट नको.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात सदरलँड अॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. मार्च २०२० मध्ये तिथले २४ दिव्याचे खांब चार्जर झाले आणि रस्त्याला 'इलेक्ट्रिक अॅव्हेन्यू' असं टोपणनाव मिळालं. (खरा इलेक्ट्रिक अॅव्हेन्यू ब्रिक्स्टनमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या पहिल्या काही बाजाररस्त्यांपैकी तो एक.)

५ किलोवॉट ऐकून तुम्ही नाक मुरडाल. पण आपला हिशोब आठवा. दिवसाला साडेपाच युनिट म्हणजे खांबावर एक तास आणि थोडी मिनिटं. आठवड्याची गरज साडेअडतीस युनिट, म्हणजे एका रात्रीचे पावणेआठ तास. आपली गाडी तशीही दिवसाचे बावीस-तेवीस तास नुसती उभीच असते. कागदावर एक खांब आठवड्यात सात गाड्यांना पुरतो. प्रत्यक्षात कुणी उशिरा येतं, कुणी चार्ज झाल्यावरही गाडी हलवत नाही, तेव्हा तीन-चार धरा. तरीही गल्लीतल्या प्रत्येक गाडीमागे एक चार्जर लागतो, ही समजूत चुकीची ठरते.

अर्थात सगळे खांब कामाचे नाहीत. पुष्कळ ठिकाणी ते फुटपाथच्या घराकडच्या कडेला असतात. तिथून गाडीपर्यंत केबल ओढली तर ती पादचाऱ्यांच्या पायात येणार. पांढरी काठी घेऊन चालणारी व्यक्ती, बाबागाडी ढकलणारी आई, व्हीलचेअरवरचे आजोबा, या सगळ्यांचा तो रस्ता आहे. अशा वेळी रस्त्याच्या कडेला एक बुटका खांब रोवून जमिनीखालून जोड द्यावा लागतो, आणि खर्च वाढतो.

दुसरा मार्ग आहे फुटपाथमध्ये एक अरुंद पन्हळ कोरण्याचा. घरातली केबल त्या पन्हळीत बसवायची आणि वरून झाकायची. ऑक्सफर्डमध्ये याचे प्रयोग झाले आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने इंग्लंडमधल्या कौन्सिलांना अशा कामांसाठी २.५ कोटी पौंड जाहीर केले. याचं मोठं आकर्षण म्हणजे टेरेस्ड घरातल्या माणसालाही स्वतःच्या मीटरवरची ८ पेन्सची वीज मिळते. अडचणही उघड आहे: घरासमोरची जागा तुमच्या मालकीची नाही. पन्हळ तुमची, पण तिथे आज शेजाऱ्याची व्हॅन उभी आहे. आणि तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट असेल तर पन्हळीचा उपयोग नाही.

गल्लीतलं रोहित्र हे सोसेल का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्याचं उत्तर 'कधी' यावर अवलंबून आहे.

समजा तुमच्या भागात ५०० किलोवॉटच्या आसपास क्षमतेचा एक ट्रान्सफॉर्मर आहे (महावितरणच्या भाषेत रोहित्र) आणि त्यावर २०० घरं आहेत. संध्याकाळी सगळ्यांची मिळून सरासरी मागणी घरटी २ किलोवॉट धरली तर झाले ४००. आता ५० गाड्या सहा वाजता घरी आल्या आणि सगळ्यांनी एकदम ७.४ किलोवॉटला प्लग लावला, तर आणखी ३७० वाढले. एकूण ७७०. रोहित्र हात टेकेल.

पण त्या ५० गाड्यांना दिवसाला मिळून हवेत फक्त २७५ युनिट. तेच रात्रीच्या सात तासांत पसरले तर लागतात सुमारे ४० किलोवॉट. गरज तीच, गाड्या त्याच. एका पद्धतीने ३७० किलोवॉट, दुसऱ्या पद्धतीने ४०. नवी केबल टाकण्यापेक्षा घड्याळ सांभाळणं कितीतरी स्वस्त.

म्हणूनच ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या घरच्या आणि कामाच्या ठिकाणच्या चार्जरना 'स्मार्ट' असणं बंधनकारक आहे. मुळात त्यांचं सेटिंग गर्दीच्या वेळा टाळणारं असतं, म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १०. तुम्ही ते बदलू शकता. शिवाय प्रत्येक चार्जर सुरू होण्याआधी १० मिनिटांपर्यंत कितीही वेळ यादृच्छिकपणे थांबतो. कारण रात्री बरोबर साडेबारा वाजता स्वस्त दर लागला आणि लाखो चार्जर त्याच सेकंदाला चालू झाले, तर ग्रिडला धक्का बसेल. अशी काळजी नियमात लिहून ठेवलेली पाहिली की अभियंत्यांचं कौतुक वाटतं.

पण त्या स्वस्त रात्रीचा फायदा कुणाला मिळतो, हेही पाहा. तो दर मीटरला जोडलेला असतो, आणि खांबावर चार्ज करणाऱ्याचं मीटरच नसतं. त्याची गाडीही रात्री दोनलाच चार्ज होते, ग्रिडला तीही तितकीच सोयीची असते, तरी दर दुपारचाच. काही कंपन्या आता खांबांवर रात्रीचा सवलतीचा दर देऊ लागल्या आहेत. माझ्या मते सगळ्यात आधी हीच गोष्ट वाढायला हवी.

करातही फरक आहेच. घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट, तर सार्वजनिक चार्जिंगवर वर्षानुवर्षे २० टक्के आकारला जात आला आहे. हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या पर्यावरण आणि हवामानबदल समितीने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात हा फरक काढून टाकण्याची शिफारस केली. ती न्याय्य आहे, पण तिच्याकडून फार आशा ठेवू नका. ५४ पेन्समधून २० ऐवजी ५ टक्के कर धरला तर दर ४७ पेन्सच्या आसपास येतो. वर्षाला १३५ पौंड वाचतात. घराच्या आणि रस्त्याच्या दरातली दरी त्याहून खूप मोठी आहे, आणि ती मुख्यतः रात्रीच्या दराने भरून निघेल.

किती, यापेक्षा कुठे

सरकारने मार्च २०२२ मध्ये उद्दिष्ट ठेवलं: २०३० पर्यंत किमान ३ लाख सार्वजनिक चार्जर. २०२५ च्या सुरुवातीला ते ७३ हजारांच्या वर होते. आकडा दरवर्षी झपाट्याने वाढतो आहे, पण एकूण आकड्यात दिव्याचा खांब आणि मोटरवेवरचा ३५० किलोवॉटचा राक्षस दोघेही 'एक' म्हणूनच मोजले जातात. त्या ७३ हजारांत ५० किलोवॉट किंवा जास्त क्षमतेचे साधारण पाचात एक होते.

वाटपही असमान आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर लंडनमध्ये देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त चार्जर होते आणि उत्तर आयर्लंडमध्ये सगळ्यात कमी. लंडनचे बरेचसे चार्जर खांबांवरचे आहेत, कारण तिथल्या कौन्सिलांनी हे काम लवकर हाती घेतलं. बाकी इंग्लंडमध्ये ही गती यावी म्हणून स्थानिक कौन्सिलांसाठी ३८.१ कोटी पौंडांचा निधी ठेवला आहे. पण निधी मिळाला म्हणजे उद्या खांबावर सॉकेट येत नाही. निविदा, रहिवाशांचा कौल, पार्किंगच्या जागेवरून वाद, वीज वितरण कंपनीची मंजुरी, असा तो प्रवास असतो.

तुमचे हक्क

सार्वजनिक चार्जरविषयीचे २०२३ चे नियम वापरणाऱ्याच्या बाजूचे आहेत, ते माहीत असलेले बरे. दर युनिटला किती पेन्स, हे स्पष्ट दाखवलं पाहिजे. चोवीस तास चालणारी विनामूल्य मदतवाहिनी हवी. नोव्हेंबर २०२४ पासून ८ किलोवॉट किंवा जास्त क्षमतेच्या नव्या चार्जरवर, आणि ५० किलोवॉट किंवा जास्त क्षमतेच्या जुन्यांवरही, साध्या बँक कार्डाने पैसे देता आले पाहिजेत. दहा वेगवेगळी अॅप बाळगायची सक्ती त्यामुळे सैल झाली. रॅपिड चार्जरांचं जाळं वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू असलं पाहिजे.

यातल्या फटीही पाहा. ९९ टक्के ही पूर्ण जाळ्याची सरासरी आहे. तुमच्या कोपऱ्यावरचा एकच चार्जर महिनाभर बंद राहिला तरी सरासरी टिकू शकते. आणि ५ किलोवॉटचा दिव्याचा खांब कार्डाच्या नियमातही बसत नाही आणि ९९ टक्क्यांच्या नियमातही नाही. म्हणजे ज्याला रोज खांबाचाच आधार आहे, त्यालाच कायद्याचा आधार सगळ्यात कमी. अपंग व्यक्तींना वापरता येतील असे चार्जर कसे असावेत याचं एक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये तयार झालं. स्क्रीनची उंची, केबलचं वजन, भोवतालची जागा, सगळं त्यात आहे. पण ते ऐच्छिक आहे.

तिकडे पुण्यात

भारतातली परिस्थिती वेगळी आहे. विजेच्या स्कूटरची बॅटरी दोन-चार युनिटांची असते आणि ती साध्या प्लगवर रात्रीत भरते. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग कुणाच्या मीटरवरून घ्यायचा, यावरून सभा रंगतात त्या तशाच. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात किमान एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक सार्वजनिक केंद्र असावं असं म्हटलं होतं. मूळ प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच: गाडी उभी राहते त्या जागेपर्यंत स्वस्त वीज न्यायची कुणी? पुढच्या वेळी आई-बाबांच्या सोसायटीत हा विषय निघाला, तर रात्री पसरवलेल्या ४० किलोवॉटांचं गणित तिथेही सांगा. चालेल.

आणि इकडे, ड्राइव्हवे नसेल आणि गाडी बदलायचा विचार असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी तीन कामं करा. घरापासून पाच मिनिटांच्या चालीत कोणते चार्जर आहेत आणि त्यांचा रात्रीचा दर काय, ते नकाशावर पाहा. ऑफिसमध्ये किंवा नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये ७ किंवा २२ किलोवॉटचे चार्जर आहेत का ते विचारा. गाडीतल्या कन्व्हर्टरची मर्यादा ११ किलोवॉट असेल तर २२ च्या खांबावरही ११ च मिळतील, हेही तपासा. आणि तुमच्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर 'आमच्या रस्त्यावर चार्जर हवा' असं नोंदवायचा अर्ज आहे का ते शोधा. पुष्कळ कौन्सिलांकडे तो असतो आणि पुढचे खांब कुठे बसवायचे हे ठरवताना त्या नोंदी पाहिल्या जातात. गाडी अजून घेतली नसली तरी अर्ज भरून ठेवा. निविदेपासून सॉकेटपर्यंत बराच काळ जातो, आणि गल्लीतल्या इतर चार घरांनीही भरला तर तुमच्या रस्त्याचा क्रमांक वर येण्याची शक्यता वाढते.